बाण एकीकडे, हात एकीकडे

बिबट्यामुळे मी कॉम्प्युटर गेम खेळायला लागले. नारायणगावच्या बाजूला वस्तीवर राहणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. इथे मादी उसातच पिलं घालते, ऊसतोड सुरू झाली की सगळं कुटुंब मोकळ्यावर येतं, आणि दिवस मावळला की आम्ही माणसं जाळीच्या दाराआड जातो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी संध्याकाळची फेरी ठरलेली होती, ती बंद पडली. मालिका बघवेनात. माळ्यावर भाच्याच्या सायबर कॅफेतला एक कॉम्प्युटर आणि सीड्यांचा खोका धूळ खात पडला होता. एके काळी दहावी-बारावीचा निकाल बघायला त्याच्या दुकानात रांग लागायची, आणि एरवी पोरं तिथे गेम खेळत बसायची. पुढे निकाल ज्याच्या त्याच्या फोनवर दिसू लागला आणि दुकानाचं शटर खाली आलं. भाचा आता चाकणला कंपनीत आहे. नोकरीत असताना आम्हाला एमएस-सीआयटी सक्तीची होती, ती मी चांगल्या मार्कांनी पास झालेली आहे. तेव्हा गेम म्हणजे काय मोठं, असं म्हणत मी खोका खाली उतरवला. पहिला अर्धा तास कॉम्प्युटर चालू करायचं बटण शोधण्यात गेला.

चालू झाला एकदाचा. पण पडद्यावरचा बाण डावी-उजवीकडे छान जाई, वर-खाली मात्र हलायला तयार नाही. मी माऊस गरागरा फिरवला, टेबलावर आपटला, नंतर पडद्यावर बोटानेच बाण ढकलून पाहिला. शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, माऊस उलटा कर. खाली गोळी दिसते का? भोवतीची चकती बाणाच्या दिशेने फिरव, गोळी बाहेर येईल.” आली. रबर चढवलेली, हाताला चांगलीच जड. आत डोकावले तर एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन बारीक दांड्या. गोळी फिरली की या दांड्या फिरतात. प्रत्येक दांडीच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते, तिच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा उजेड आणि दुसऱ्या बाजूला तो मोजणारा डोळा. उजेड किती वेळा अडला यावरून हात किती सरकला ते कॉम्प्युटरला कळतं. एक दांडी आडव्या हालचालीची, दुसरी उभ्या. उभीच्या मधोमध काळ्या मळाची घट्ट अंगठी बसली होती, त्यामुळे गोळी तिच्यावरून नुसती घसरत होती. काडेपेटीतल्या काडीने मी तो मळ खरवडला. लांब दोऱ्यासारखा निघाला. कॅफेत येऊन गेलेल्या कितीतरी पोरांच्या हाताचा तो घाम आणि धूळ. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या गटाने 1960च्या दशकात जो पहिला माऊस केला, त्यात गोळी नव्हती. लाकडी ठोकळ्याखाली काटकोनात दोन चाकंच होती. म्हणजे मूळ युक्ती तीच. ती मला समजेपर्यंत गोळी दिवाणाखाली गेली होती.

गोळी काढताना वायर ओढली गेली आणि माऊसचा खटका मागून निसटला. सीपीयूच्या मागे दोन गोल भोकं असतात, एक हिरवं, एक जांभळं, आकार तंतोतंत सारखा. मी अंदाजाने जांभळ्यात घातला. काही नाही. मग हिरवा खटका हिरव्या भोकात, हे मुलांना पहिलीत शिकवतो तसं जुळवलं. तरी बाण मेलेलाच. भाचा म्हणाला, “अगं, तो जुना माऊस चालू मशीनमध्ये लावून उपयोग नाही. बंद करून पुन्हा चालू कर.” यूएसबीचा माऊस केव्हाही काढा-घाला, चालतो. या गोल पिनांच्या माऊसची ओळख मात्र मशीन सुरू होतानाच करून घेते. पण बंद करायला माऊस हवा, आणि माऊस तर मेलेला. पास झालेल्या बाईंनी सरळ मेन स्विच बंद केला.

त्या मशीनवर मी फक्त पत्त्यांचा डाव खेळू शकले. आमच्याकडे संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली-वर होतं, आणि एका संध्याकाळी सीपीयूच्या मागून जळका वास आला. मग मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप काढला. भाच्याने जुने गेम एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर भरून पाठवले आणि सोबत डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम दिला. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात तो एक जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग आणतो. त्यात मी 1993 सालचा ‘डूम’ लावला. हातात बंदूक धरलेला शिपाई आणि समोर राक्षस, एवढं मला कळलं. भाच्याने सांगितलं होतं, लॅपटॉपची पाटी (टचपॅड) नको, गेमला माऊसच लागतो. म्हणून कपाटातला वायरचा माऊस जोडला. मान वर करून बघावं म्हणून माऊस पुढे सरकवला तर शिपाई तडक पुढे पळाला आणि हिरव्या चिखलावरच्या नागमोडी वाटेवरून खाली पडला. मागे ओढला तर उलटा चालू लागला. माऊस बिघडला असं समजून मी तो बदलायला निघाले होते. भाचा म्हणाला, “मावशी, तो गेम तसाच आहे. त्यात वर-खाली बघताच येत नाही. माऊस पुढे म्हणजे पाऊल पुढे.” ‘डूम’ निघाला तेव्हा माऊसने मान फिरवून चौफेर बघायची पद्धत रुळलेलीच नव्हती, ती पुढच्या काही वर्षांत अंगवळणी पडली. हे पुढे पळणं बंद करणारा ‘नोव्हर्ट’ नावाचा चिमुकला प्रोग्रॅम लोकांनी केव्हाच करून ठेवला आहे. गेमच्या आधी तो सुरू करायचा, की माऊस फक्त वळवण्यापुरता उरतो. निम्मा त्रास बिघाडाचा नसून रिवाजाचा असतो, हे मला इथे पहिल्यांदा उमगलं.

आता दुसरी पंचाईत. डॉसबॉक्सच्या खिडकीत एकदा टिचकी मारली की माऊस आत कोंडला जातो, बाहेर येत नाही. पलंगावर फोन वाजतोय, मला गेम थांबवून भाजी बघायची आहे, आणि बाण कुठेच दिसत नाही. लॅपटॉप अडकला असं समजून मी झाकण मिटलं. भाच्याने सांगितलं, कंट्रोल आणि एफ10 एकदम दाब, माऊस सुटेल. परत दाब, परत आत जाईल. मी चष्मा न लावता कंट्रोल आणि एफ9 दाबलं. त्या जोडीचं काम डॉसबॉक्स तत्क्षणी बंद करणं हे आहे, आणि ते अजिबात विचारत नाही.

‘डूम’वर राग धरून मी ‘व्हाइस सिटी’ लावली. कॅफेतली पोरं हीच खेळायची म्हणे. वायरचा माऊस मुलगी येऊन घेऊन गेली होती, म्हणून लॅपटॉपच्या पाटीवरच बोट फिरवायला बसले. डब्ल्यू दाबलं की माणूस पुढे पळतो, बोट फिरवलं की वळतो, असं ऐकलं होतं. नुसतं बोट फिरवलं की वळायचा. डब्ल्यू दाबून बोट फिरवलं की वळायचाच नाही, भिंतीला नाक लावून धावत राहायचा. पाटी बिघडली म्हणावी तर बाकी सगळीकडे चालते. उत्तर विंडोजच्या सेटिंगमध्ये होतं. आपण टाइप करत असताना तळहात पाटीला लागून बाण भलतीकडे उडू नये, म्हणून की दाबलेली असेपर्यंत विंडोज पाटीकडे दुर्लक्ष करतं. मी खेळतेय हे त्याला कुठून कळणार? त्याला वाटत होतं, बाई शाळेचा अहवाल टाइप करतायत. टचपॅडच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता ‘मोस्ट सेन्सिटिव्ह’वर नेली आणि माणूस वळू लागला. अहवाल टाइप करताना मात्र आता कर्सर ओळीवरून ओळीवर उड्या मारतो.

भाचा ओरडला, “मावशी, टचपॅडवर व्हाइस सिटी कोण खेळतं? माऊस घे.” नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवायला आमची गाडी जातेच, तिच्यातून मी बिनवायरचा माऊस आणवला. त्याची छोटी पिन यूएसबीच्या भोकात बसवली. बाण मध्येच अडखळायचा, मध्येच उडी मारायचा. सेल बदलले, गादी बदलली. मग एक गंमत दिसली. हार्ड डिस्कवरचा दिवा लुकलुकला की बाण अडखळतो, दिवा थांबला की सुरळीत. गेम नवा रस्ता डिस्कवरून वाचतोय की माऊसला फेफरं. कारण असं निघालं: वेगवान यूएसबी, म्हणजे यूएसबी 3, काम करताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट सोडते, आणि बिनवायरचा माऊस बोलतो तोही त्याच पट्ट्यात. इंटेल कंपनीने 2012 साली यावर टिपण काढून ठेवलं आहे. आमच्या उशाशी खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञानदिनाला मी वर्षानुवर्षं मुलांना तिथे नेलं, फोन बंद ठेवायला लावले, आणि आकाशातून येणारा रेडिओचा आवाज इतका क्षीण असतो की आसपासच्या उपकरणांचा गोंगाट त्याला बुडवतो, हे तिथले लोक सांगायचे ते मुलांना पुन्हा समजावलं. माऊसची पिन हार्ड डिस्कच्या भोकाला चिकटून बसवणारीही मीच. छोट्या एक्स्टेन्शन वायरने पिन हातभर लांब नेली, बाण गुळगुळीत झाला.

गुळगुळीत बाण घेऊन ‘व्हाइस सिटी’ उघडली तर नवाच प्रकार. मेनूत माऊस चालतो, गेम सुरू झाला की नजर वळतच नाही. हा गेम कॉम्प्युटरवर 2003 साली आला. तो आपली सगळी सेटिंग एका फाईलमध्ये लिहून ठेवतो, आणि नव्या विंडोजवर ती फाईल कधी कधी नडते. ती काढून टाकली की गेम पुढच्या वेळी कोरी फाईल तयार करतो. कुठे असते? ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, गेमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, आणि नावाच्या शेवटी टिंबानंतर ‘सेट’ असतं. भाच्याने एवढं सांगून फोन ठेवला, मी अख्खं फोल्डर पुसलं. माऊस चालू झाला. त्याच फोल्डरमध्ये आपण कुठवर आलो त्याचीही नोंद असते, हे नंतर कळलं. मी अजून पहिल्या गल्लीतच होते, त्यामुळे नुकसान फारसं झालं नाही.

मारामारीला कंटाळून ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग लावला, 1999 सालचा. यात गावकरी लाकूड तोडतात, शेत करतात, गाव वाढतं. हा आपला खेळ, असं वाटलं. पण मी गावकऱ्यावर टिचकी मारावी आणि निवड व्हावी शेजारच्या मेंढीची. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हे चुकण्याचं अंतर थोडं, उजवीकडे खाली जावं तसं वाढत जाणारं. शेवटी मी गावकऱ्याच्या अलीकडेच टिचकी मारायला शिकले आणि स्वतःवर खूश झाले. भाचा आला तेव्हा त्याने ते पाहिलं आणि डिस्प्लेचं सेटिंग उघडलं. स्केल 150 टक्के. ते मीच केलं होतं, अक्षरं वाचता यावीत म्हणून. विंडोज सगळं दीडपट फुगवून दाखवतं. जुन्या गेमला या फुगवण्याची कल्पना नसते, मग चित्राचा हिशेब एक आणि टिचकीचा दुसरा. उपाय असा: गेमच्या चिन्हावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, आणि खालच्या चौकटीत बरोबरची खूण करून ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडायचं. म्हणजे फुगवण्याच्या भानगडीत विंडोजने पडायचं नाही. गेमवर, लॅपटॉपवर आणि माऊसवर मी जे खापर फोडत होते ते माझ्या चष्म्याच्या नंबरवर फुटलं.

भाच्याला स्वतःला ‘काउंटर-स्ट्राइक’ आवडतो. त्याने मला बसवलं. मी सावकाश वळले तर शत्रू समोर यायचा, घाईने वळले तर त्याच्यापासून लांब पाठमोरी होऊन भिंत बघत उभी. शाळेतली फूटपट्टी काढून टेबलावर ठेवली. माऊस शून्यापासून दहा सेंटिमीटरपर्यंत हळू नेला, बाण पडद्याच्या मध्यापर्यंत गेला. तेवढेच दहा सेंटिमीटर झटक्यात नेला, बाण कडेला जाऊन आदळला. हात सारखाच, अंतर वेगळं. विंडोजमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ अशी एक खूण असते. नाव अचूकतेचं, पण काम असं की हात जितका वेगात, तितकी बाणाला जादा ढकल. रोजच्या कामाला हे सोयीचं आहे. नेमबाजीत हाताला सवयच लागत नाही, कारण प्रत्येक वेळी हिशेब बदलतो. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस, ‘पॉइंटर ऑप्शन्स’, तिथली खूण काढली. तरी फरक पडेना. 1998च्या ‘हाफ-लाइफ’च्या इंजिनवर चालणारे जुने गेम सुरू होताना ही ढकल स्वतःच पुन्हा चालू करतात, आणि ते थांबवायला गेम सुरू करण्याच्या आदेशाला शेपूट जोडावं लागतं. ते जोडून फूटपट्टी परत लावली, दोन्ही वेळा अंतर सारखं. मुलांना वर्गात प्रयोग करून दाखवताना जो आनंद व्हायचा तोच झाला. गेममध्ये तोपर्यंत मला कुणीतरी मागून मारलं होतं.

दिवाळीला भाचा स्वतःचा दिव्यांचा माऊस घेऊन आला. महागडा. माझ्या लॅपटॉपला लावला तर जुन्या गेममध्ये नजर वळवली की चित्र धडधडू लागलं. या वेळी गोंधळलेला चेहरा त्याचा होता, आणि तो मी मनसोक्त पाहून घेतला. साधा यूएसबी माऊस सेकंदाला 125 वेळा आपला ठावठिकाणा कळवतो. हा नवा 1000 वेळा. जुन्या गेमला इतके निरोप घ्यायची सवय नसते. ते उचलण्यातच त्याचा दम जातो. माऊसच्या सोबतच्या प्रोग्रॅममधून आकडा 125 वर आणला, धडधड गेली. दुसरा आकडा डीपीआयचा, म्हणजे माऊस एक इंच सरकला की किती टिंबं मोजायची. जुने माऊस 400च्या आसपास मोजायचे, नवे कित्येक हजार मोजतात. म्हणून जुन्या गेममध्ये नव्या माऊसला नुसता धक्का लागला तरी माणूस गिरकी घेतो. तोही आकडा खाली आणला. एवढे पैसे घालून घेतलेला माऊस आता माझ्या स्वस्तातल्या माऊसइतकाच बरा चालू लागला, असं मी म्हटलं. भाचा काही बोलला नाही.

या सगळ्यातून मी एक क्रम वहीत लिहून ठेवला. आमचे हे ठिबक सिंचनाचं काम करतात. शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही तर ते झाडापासून बघत नाहीत. फिल्टरपासून निघतात आणि एकेक कॉक तपासत शेताच्या टोकाला जातात. तसंच इथे. आधी माऊस: तो पत्त्यांच्या डावात किंवा पेंटमध्ये नीट चालतो का? नसेल तर गेमला हात लावू नका. मळ, सेल, वायर, शेजारची हार्ड डिस्क बघा. तिथे ठीक असेल तर विंडोज: टचपॅडची संवेदनशीलता, ती अचूकतेची खूण, पडद्याचं स्केल. तेही ठीक असेल तर शेवटी गेम: त्याची सेटिंगची फाईल, त्याचा स्वतःचा रिवाज. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सुरुवातीला एकदम चार खुणा काढायचे, गेम सुरू व्हायचा, आणि कशाने झाला ते कळायचं नाही. सेटिंगची फाईल पुसण्याऐवजी नाव बदलून बाजूला ठेवा, चुकलंच तर परत आणता येते. सगळं फोल्डर तर नाहीच नाही.

हात आणि गेम यांच्या मधे इतके मध्यस्थ असतील असं मला वाटलं नव्हतं. प्रत्येकजण आपल्या परीने मदतच करत होता: एकाने तळहाताची काळजी घेतली, एकाने डोळ्यांची, एकाने वेगाची. जुन्या गेमला यातली एकही मदत माहीत नव्हती. एकेकाला बाजूला केलं तसा माझा मार्ग मोकळा झाला, आणि तिथेच घोटाळा झाला. सगळं निस्तरल्यावर भाच्याने माझ्याच माऊसने ‘डूम’चा पहिला टप्पा बघता बघता पार केला. मग माझ्याकडे माऊस देत म्हणाला, “मावशी, आता माऊसचा काही दोष नाही.” मी बसले, नागमोडी वाटेवर गेले आणि चिखलात पडले. आता बोट दाखवायला मधे कुणी उरलं नव्हतं.

‘डूम’ मी सध्या कीबोर्डवर खेळते. अहवाल टाइप करून बोटं तयार आहेत, आणि 1993 साली बरेच जण तसाच खेळत होते. माऊस लागतो ‘एज ऑफ एम्पायर्स’ला. त्यात शेताचा कस संपला की ते पडीक पडतं आणि पुन्हा पेरावं लागतं. संध्याकाळी दार लागलं की हे खुर्ची ओढून बाजूला बसतात, कुठलं शेत पडीक पडलंय ते सांगतात, आणि एवढी लाकडं घालून पेरायला परवडतं का, असं रोज विचारतात.